टाकून दिलेली खापरं, खजुराचे डबे

उत्खननात सगळ्यात जास्त काय निघतं? सोनं नाही, मूर्ती नाहीत, नाणीही नाहीत. निघतात ती खापरं, टोपल्या भरभरून. दिवसभरात खणलेल्या थरातली खापरं धुतात, उन्हात वाळत घालतात आणि मग निवडायला बसतात. काठ, तळ, तोटी किंवा रंगवलेली नक्षी दिसली तर ते खापर ठेवायचं. त्यावर बारीक अक्षरात स्थळाचं नाव, खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक लिहायचा. उरतात ती भांड्याच्या पोटाची, कसलीच खूण नसलेली खापरं. ती मोजायची, त्यांची वहीत नोंद करायची आणि बाजूला ढीग घालायचा. महाराष्ट्रातल्या पांढरीच्या टेकाडांवर ज्यांनी कधी उत्खननाचं काम केलं आहे, त्यांना हे ढीग चांगले ठाऊक आहेत. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं काम संपलेलं असतं.

२०१२ साली कलावंत विवान सुंदरम यांनी असाच एक ढीग मागून घेतला.

तो ढीग होता केरळातल्या पट्टणमचा. कोडुंगल्लूरजवळच्या या गावात २००७ पासून केरळ इतिहास संशोधन परिषदेने पी. जे. चेरियन यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. लक्षावधी खापरं निघाली. भूमध्य समुद्राकडून दारू आणि ऑलिव्हचं तेल घेऊन आलेल्या अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडे निघाले. विटांचं बांधकाम, एका खोडातून कोरलेली होडी आणि चिखलात टिकून राहिलेले मिरीचे दाणेही सापडले. प्राचीन मुझिरिस बंदर ते हेच, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. काही इतिहासकारांना ते मान्य नाही. मुझिरिस होतं आणि ते गजबजलेलं होतं, यावर मात्र वाद नाही. यवनांची गलबतं तिथे सोनं घेऊन येतात आणि मिरी भरून नेतात, हे संगम काळच्या तमिळ कवींनी लिहून ठेवलं आहे. रोमचा प्लिनी या मिरीपायी जाणाऱ्या पैशाबद्दल कुरकुरत असे. त्या व्यापाराचे धागेदोरे आपल्याकडेही आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती त्याच समुद्रवाटेने आली असणार. ती आज कोल्हापूरच्याच टाउन हॉल संग्रहालयात आहे.

कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाचं ते पहिलंच वर्ष होतं. मुंबईत शिकलेल्या आणि तिथेच काम करणाऱ्या बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोघा चित्रकारांनी ती उभी केली होती. फोर्ट कोचीतल्या अ‍ॅस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी वखारीत सुंदरम यांनी पट्टणमची हजारो बिनओळखीची खापरं जमिनीवर मांडली आणि त्यांतून एक अख्खं नगर रचलं. ते उंचावरून पाहिल्यासारखं दिसायचं. कुठे वस्तीसारखा उंचवटा, कुठे रस्त्यासारखी पट्टी, कुठे नुसता पसारा. त्यात काळी मिरी होती. कलाकृतीचं नावही ‘ब्लॅक गोल्ड’. मग या मांडणीत त्यांनी पाणी सोडलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. पडद्यावर पाणी गल्ल्यागल्ल्यांतून शिरतं, मिरी तरंगत पुढे जाते, खापरं बुडतात. १३४१ साली पेरियारला आलेल्या महापुराने या किनाऱ्याची घडणच बदलली आणि मुझिरिसचं बंदर संपलं, असं परंपरेने मानतात. तो पूर सुंदरम यांनी खोलीभर जागेत पुन्हा आणला.

सुंदरम यांना हे एकाएकी सुचलं नव्हतं. २००८ च्या ‘ट्रॅश’मध्ये त्यांनी कचऱ्यातून असंच शहर रचलं होतं. टाकून दिलेल्या वस्तूत माणसांची वस्ती वाचायची, ही त्यांची जुनी खोड. फरक एवढाच की यावेळी कचरा दोन हजार वर्षांपूर्वीचा होता, आणि तो दोनदा टाकला गेला होता. आधी मुझिरिसच्या लोकांनी भांडं फुटल्यावर टाकला, मग पुरातत्त्वज्ञांनी मोजून झाल्यावर. सुंदरम यांना त्या खापरांमधून भांडं पुन्हा घडवायचं नव्हतं. संग्रहालयाच्या कपाटात कधीच न पोचणारा जो भाग, त्याचं आकारमान किती अवाढव्य आहे हे त्यांनी आपल्या पायांशी आणून दाखवलं. काचेमागे ठेवलेला एक सुबक रांजण पाहून जे कळत नाही ते इथे कळतं: बंदर म्हणजे हजारो हातांनी रोज वापरलेली, रोज फुटणारी साधी मडकी.

आजच्या कलावंतांनी प्राचीन काळाशी जी गाठ घातली आहे, तिच्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्यातलं टिकणारं काम जुन्या वस्तूचं रूप उचलत नाही. ती वस्तू आपल्यापर्यंत येईतो तिच्यावर काय काय गुदरलं, ते उचलतं. पुरलं कुणी, खणलं कुणी, नेलं कुणी, फोडलं कुणी आणि टाकलं कुणी, हा तिचा पुढचा इतिहासही तिचाच असतो. संग्रहालयातल्या पाटीवर तो सहसा नसतो.

१९९९ मध्ये मार्क डायन या अमेरिकी कलावंताने लंडनमध्ये स्वयंसेवकांना घेऊन ओहोटीच्या वेळी थेम्सचा काठ धुंडाळला. चिनी मातीचे तुकडे, चिलमींच्या नळ्या, हाडं, बाटल्या, प्लॅस्टिक, मिळेल ते उचललं. मग ते सगळं स्वच्छ करून, निवडून एका मोठ्या लाकडी कपाटाच्या खणांत लावलं. हे ‘टेट थेम्स डिग’. कपाटात कालक्रम नाही, प्लॅस्टिकला मध्ययुगीन खापराइतकाच मान आहे. शास्त्र वस्तूला थर देऊन अर्थ देतं. डायन यांनी थर काढून घेतला आणि निवडणाऱ्याची नजर किती ठरवत असते ते उघडं केलं.

चिनी कलावंत आय वेवे यांचं काम पाहताना मात्र माझ्या पोटात आजही गोळा येतो. १९९५ सालच्या तीन कृष्णधवल छायाचित्रांत ते हान काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा कलश धरून उभे आहेत. पहिल्यात कलश हातात आहे, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात फरशीवर तुकडे. चेहऱ्यावर काहीही नाही. हे समजून घ्यायला त्यांचं बालपण माहीत असावं लागतं. वडील आय चिंग हे नावाजलेले कवी. त्यांना शिनच्यांगला हद्दपार केलेलं. सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते सगळं फोडणं हे कर्तव्य ठरलं होतं. देशाने जे लाखो वेळा केलं ते आय वेवे यांनी एकदा केलं, कॅमेऱ्यासमोर आणि स्वतःच्या नावावर. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही तो कलश परत येणार नाही, हे मला बाजूला ठेवता येत नाही. सुंदरम यांनी शास्त्राने सोडून दिलेली खापरं घेतली, आय वेवे यांनी अखंड भांडं घेतलं. हा फरक माझ्यालेखी मोठा आहे.

नुसतं रूप उचललं की काय होतं, हे २०१७ मध्ये व्हेनिसमध्ये दिसलं. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांनी दोन मोठ्या इमारती भरून एका काल्पनिक बुडालेल्या जहाजाचा खजिना मांडला. प्रवाळ चढलेले पुतळे, सोन्याची शिरं, शिंपल्यांनी मढलेला मिकी माउससुद्धा. कारागिरी अफाट, खर्च अफाट. त्यात सोन्याचं एक स्त्रीमस्तक होतं, नायजेरियातल्या इफेच्या प्रसिद्ध मस्तकांच्या धर्तीवरचं. त्याच वर्षी नायजेरियाचं पहिलंवहिलं दालन व्हेनिस बिएनालेत होतं. त्या दालनातले कलावंत व्हिक्टर एहिखामेनोर यांनी जाहीरपणे विचारलं की हे प्रदर्शन पाहायला येणाऱ्या हजारो लोकांना हे इफेचं आहे हे कसं कळणार? पुढे ही प्रतिमा हर्स्टचीच म्हणून ओळखली जाईल, ही त्यांची भीती होती. तो प्रश्न रास्त आहे. आफ्रिकेची कला पाहून युरोपने शतकभर स्वतःचं नाव केलं. तो इतिहास बाजूला ठेवून इफेचं मस्तक नुसत्या सजावटीसाठी वापरणं म्हणजे त्याच वस्तूची दुसऱ्यांदा लूट.

आता अमेरिकी कलावंत मायकेल राकोविट्झ. या प्रकरणात मला खरं तर त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

राकोविट्झ यांचा जन्म १९७३ चा, न्यूयॉर्कजवळचा. आईकडचं घराणं बगदादच्या ज्यूंचं. बगदादी ज्यू म्हटलं की मुंबईकराला ससून आठवतात: ससून गोदी, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय. ससून एकोणिसाव्या शतकात आले. राकोविट्झ यांच्या आजोबांनी १९४० च्या दशकात बगदाद सोडलं आणि अमेरिकेत आयात-निर्यातीचा धंदा काढला. नातवाने २००६ मध्ये ब्रुकलिनमध्ये दुकान थाटून आजोबांच्या कंपनीचं नाव पुन्हा लावलं आणि इराकमधून खजूर मागवायचा घाट घातला.

त्याआधी ब्रुकलिनच्याच एका किराणा दुकानात त्यांना खजुराच्या काकवीचा डबा दिसला होता. डब्यावर लिहिलं होतं, लेबनॉनचं उत्पादन. दुकानदाराने सांगितलं, माल बगदादचा आहे. काकवी इराकमध्ये बनायची, मोठ्या पिंपांतून सीरियात जायची, तिथे डब्यांत भरली जायची, मग लेबनॉनमध्ये तिच्यावर लेबल लागायचं आणि ती जगभर जायची. निर्बंधांच्या काळात इराकी मालाला उघड वाट नव्हती, त्यातून पडलेला हा रिवाज. खजूर हा इराकचा जीव. बाळ जन्मलं की त्याच्या जिभेला आधी खजुराची चव लावायची रीत आहे. एके काळी देशात तीन कोटींच्या आसपास खजुराची झाडं होती असं सांगतात. इराण-इराक युद्ध आणि त्यानंतरच्या लढायांनी त्यांतली बहुतेक संपवली. एवढ्या मानाच्या मालाला स्वतःच्या देशाचं नाव लपवून फिरावं लागतं, हे त्या डब्याने राकोविट्झ यांना शिकवलं.

दुसरीकडे बगदादच्या संग्रहालयाचं दुःख होतंच. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी फौजा शहरात शिरल्या आणि संग्रहालय राखणीविना राहिलं. १० ते १२ एप्रिलदरम्यान लूट झाली. सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. काही परत आल्या. वार्काचा पाच हजार वर्षांपूर्वीचा कलश जूनमध्ये एका गाडीच्या डिकीतून तुकड्यांच्या रूपात आला. हजारो वस्तूंचा आजही पत्ता नाही.

२००७ पासून राकोविट्झ आणि त्यांचे सहकारी त्या हरवलेल्या वस्तू एकेक करून पुन्हा करताहेत. मूळ वस्तूच्या मापाबरहुकूम पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा साचा करायचा. त्यावर अमेरिकेतल्या अरबी वर्तमानपत्रांचे कपटे आणि पश्चिम आशियाई खाऊची वेष्टनं चिकटवायची: खजुराच्या बिस्किटांचे पुडे, मसाल्यांची पाकिटं, चहाची खोकी. हात जोडून उभा असलेला सुमेरी भक्त जवळून पाहिला की त्याच्या अंगावर अरबी जाहिरात वाचता येते. झग्याची झालर म्हणजे पाकिटाची किनार. शेजारच्या पाटीवर इराक संग्रहालयाचा क्रमांक, मूळ द्रव्य, माप आणि आजची स्थिती: ठावठिकाणा अज्ञात. मालिकेचं नाव, ‘अदृश्य शत्रूला अस्तित्व नसावं’, प्राचीन बाबिलोनच्या मिरवणूकमार्गाच्या नावावरून घेतलं आहे. तो रस्ता इश्तारच्या दरवाजाकडे जायचा. तो दरवाजा आता बर्लिनमध्ये आहे.

या वस्तू कुणालाही अस्सल वाटणार नाहीत, आणि तेच त्यांचं बळ आहे. हरवलेल्याची जागा भरल्याचा आव त्या आणत नाहीत. देशातून फक्त डब्या-पाकिटांत बाहेर पडू शकलेल्या मालाच्या वेष्टनातून, देशातून चोरून बाहेर नेलेल्या वस्तू घडतात. मूर्ती आणि माणसं दोन्ही परागंदा.

मार्च २०१८ मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर या मालिकेतली सगळ्यात मोठी मूर्ती उभी राहिली: इराकमधल्या प्राचीन निनवेच्या नर्गल दरवाजावरचा लामासू, पंख असलेला, माणसाच्या तोंडाचा बैल. मूळ मूर्ती इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराची. फेब्रुवारी २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या माणसांनी यंत्राने तिचा चेहरा छिलला आणि त्याचा व्हिडिओ जगाला दाखवला. राकोविट्झ यांचा बैल खजुराच्या काकवीच्या १०,५०० रिकाम्या डब्यांचा होता. पत्रे सपाट करून पिसांसारखे एकावर एक बसवलेले. लाल, हिरवे, सोनेरी. दुरून राजेशाही झूल, जवळून किराणा. डब्यांतल्या काकवीचंही सोनं झालं: तिच्यापासून वेगवेगळ्या स्वयंपाक्यांनी केलेल्या पाककृतींचं एक पुस्तक २०१९ मध्ये निघालं. बैल मार्च २०२० पर्यंत तिथे होता.

त्याच चौकात दोन वर्षं आधी आणखी एक प्राचीन गोष्ट येऊन गेली होती. सीरियातल्या पाल्मिराची रोमन कमान इस्लामिक स्टेटने ऑक्टोबर २०१५ मध्ये उडवली. एप्रिल २०१६ मध्ये तिची लहान आकाराची प्रतिकृती ट्राफल्गार चौकात उभारली; छायाचित्रांवरून संगणकी नमुना तयार करून यंत्रांनी संगमरवरात कोरलेली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी अनावरण केलं. मग कमान न्यूयॉर्क, दुबई अशी फिरली. ती उभारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण दगड कोरा, कडा धारदार, स्फोटाचा ओरखडासुद्धा नाही. पाल्मिराच्या अवशेषांची आयुष्यभर देखभाल करणारे पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असद यांचा ऑगस्ट २०१५ मध्ये त्याच संघटनेने शिरच्छेद केला. तेव्हा त्यांनी वयाची ८० वर्षं ओलांडली होती. त्या कमानीत त्यांना कुठेच जागा नव्हती. काही घडलंच नाही असं सांगणारी वस्तू स्मारक होऊ शकत नाही, असं मला वाटतं.

यंत्र वापरल्यामुळे असं झालं, असंही नाही. इराणमध्ये जन्मलेल्या कलावंत मोरेहशीन अल्लाह्यारी यांनी इराकमधल्या हत्रा आणि निनवे इथल्या, मोसुलच्या संग्रहालयात फोडल्या गेलेल्या बारा वस्तू २०१५-१६ मध्ये त्रिमिती छपाईने पुन्हा केल्या. पारदर्शक, हातात मावतील अशा. हत्राचा राजा उथल त्यात आहे. प्रत्येक मूर्तीच्या पोटात एक मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह दिसतो; त्यात त्या वस्तूची छायाचित्रं, नकाशे, पत्रव्यवहार, संशोधन. मूर्ती शोभेची नाही, कागदपत्रांची तिजोरी आहे. आमच्या भागातल्या स्मारकांचा संगणकी डेटा पाश्चात्त्य कंपन्यांच्या मालकीचा होतो, ही नव्या रूपातली वसाहतशाही आहे, असं त्या ठामपणे मांडतात. पाल्मिराची कमान पाहिली की त्यांचा मुद्दा पटतो.

राकोविट्झ पुढे इराकमधल्याच निमरूद या प्राचीन नगराकडे वळले. इसवी सनपूर्व नवव्या शतकात अशुरनासिरपाल दुसरा या असिरियन राजाने तिथे महाल बांधला. दालनांच्या भिंतींना माणसापेक्षा उंच जिप्समच्या शिळा लावलेल्या, त्यांवर पंखधारी रक्षक कोरलेले आणि प्रत्येक शिळेवरून आडवा जाणारा राजाच्या पराक्रमाचा तोच तो मजकूर. १८४५ पासून ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रजाने तो महाल खणला. निवडक शिळा कापून नेल्या, बऱ्याच तिथेच राहिल्या. त्या उरलेल्या शिळा २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने स्फोटकांनी उडवल्या.

राकोविट्झ त्या महालाची दालनं एकेक करून, वेष्टनांच्या कागदातून, मूळ मापात उभी करतात. पण संपूर्ण नाही. स्फोटाच्या आदल्या दिवशी दालन जसं होतं तसंच. तेव्हा जागेवर असलेल्या शिळा रंगीत कागदांत झळाळतात. जिथली शिळा त्याआधीच काढून नेलेली, तिथे भिंत रिकामी. दालनात शिरलेल्या प्रेक्षकाला कळतं की हा महाल दोनदा लुटला गेला. दुसऱ्या वेळच्या लुटारूंची नावं सगळ्यांना पाठ आहेत. पहिल्या वेळची नावं संग्रहालयांच्या दारांवर सन्मानाने कोरलेली आहेत. बॉम्बने उडवणं आणि कापून नेऊन जपणं या एकच गोष्टी नाहीत, हे खरंच. नेलेल्या शिळा वाचल्या, हेही खरं. पण ती दालनं पाहिल्यावर ‘आम्ही नेलं म्हणून वाचलं’ हे वाक्य पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारता येत नाही.

या कथेत मुंबईही आहे. लेयार्डच्या पेट्या तराफ्यांवरून टायग्रिसमधून बसऱ्याला जात, तिथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून इंग्लंडला. काही पेट्या मुंबईत परवानगीवाचून उघडल्या गेल्या, वस्तू इकडच्या तिकडे झाल्या, अशी त्याची तक्रार होती. एकोणिसाव्या शतकात काही शिळा मुंबईतच राहिल्या. आज त्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत, अशुरनासिरपालच्या महालातल्या. डेव्हिड ससून ग्रंथालय तिथून हाकेच्या अंतरावर. निमरूदच्या दालनांचा राकोविट्झ करतात तसा भिंतीभिंतीचा नकाशा पुरा मांडला, आणि प्रत्येक रिकाम्या चौकटीत शिळा आज कुठे आहे ते लिहिलं, तर पुष्कळ चौकटींत लंडन येईल, काहींत न्यूयॉर्क, आणि काहींमध्ये मुंबई.